वऱ्हाड नापास

(दहावी १९९० च्या तुकडीच्या अमरावती येथील स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आदरणीय सर, आदरणीय बाई, आणि समोर बसलेल्या पोट्ट्यांनो! ही हाक मुलांना आणि मुलींना दोघांनाही लागू आहे, त्यामुळे कोणी रुसू नये. पन्नाशी झाली तरी आज दिवसभर आपण पोट्टेच.

संयोजकांनी मला निरोप दिला होता, 'तू कॉम्प्युटरमध्ये नेमकं काय करतोस ते सांग, पण समजेल असं सांग.' दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड आहे. माझ्या आईला गेली पंचवीस वर्षं ते सांगता आलेलं नाही. ती शेजारपाजारी सांगते, 'तो पुण्याला कॉम्प्युटर दुरुस्त करतो.' त्यामुळे दिवाळीत गावी आलो की निम्म्या गल्लीचे प्रिंटर माझ्यासमोर येतात. आज शेवटचा प्रयत्न करतो. आणि त्या निमित्तानं माझ्या हातून झालेली एक चूकही सांगतो, कारण तिचा साक्षीदार याच सभागृहात तिसऱ्या रांगेत बसला आहे आणि मी सांगितली नाही तर तो सांगेल.

पुण्यातल्या एका लहान कंपनीत मी 'बिल्ड'चं काम पाहतो. बिल्ड म्हणजे काय? आपण वऱ्हाडातले लोक, जिन-प्रेस पाहिलेले. शेतातून कापूस येतो त्यात सरकी असते, काडीकचरा असतो. जिनमध्ये सरकी वेगळी होते, रुई वेगळी होते, मग प्रेसमध्ये दाबून १७० किलोची गठाण बांधतात. गिरणीला गठाण लागते, कापसाच्या गाड्या नाही लागत. सॉफ्टवेअरचं तसंच आहे. प्रोग्रॅमर जे लिहितात तो कापूस. तो माणसाला वाचता येतो, यंत्राला नाही. त्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करायचं, लागणाऱ्या इतर वस्तू त्यात भरायच्या, तपासायचं आणि गिऱ्हाइकाच्या हातात देता येईल अशी गठाण बांधायची. हे सगळं मिळून बिल्ड. आमच्याकडे वीस-बावीस लोक दिवसभर कापूस वेचून आणतात आणि मी जिन चालवतो.

एवढंच असतं तर मी लवकर टक्कल पडू दिलं नसतं. खरी भानगड पुढे आहे.

आपल्यापैकी काही जण मूर्तिजापूरकडून यायचे. त्यांना शकुंतला आठवत असेल. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूरची ती गाडी, रुळांमधलं अंतर अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. तिच्याच शेजारून मुंबई–हावडा मार्ग जातो, तिथं अंतर १६७६ मिलिमीटर. आणि तेव्हा अकोल्याला गेलात की पूर्णा–खंडवा मार्गाचं मीटरगेज असायचं, १००० मिलिमीटर. अकोला ते मूर्तिजापूर एवढ्याशा पट्ट्यात तीन मापांचे रूळ! माझे आजोबा मूर्तिजापूरला हमालांचे मुकादम होते. शकुंतलेनं आलेल्या कापसाच्या गठाणी उतरवायच्या आणि मोठ्या गाडीत चढवायच्या. ते सांगायचे की गठाण उतरताना एक मोजणी आणि चढताना दुसरी मोजणी; दोन्ही जुळल्याशिवाय चिठ्ठीवर सही करायची नाही, मग साहेब कितीही ओरडो. हे वाक्य मी लहानपणी शंभरदा ऐकलं आणि नेमक्या वेळी विसरलो.

संगणकातही असेच तीन रूळ आहेत: विंडोज, मॅक आणि लिनक्स. यांना ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. माल तोच, पण एका रुळावरचा डबा दुसऱ्या रुळावर चालत नाही. त्यामुळे एकाच सॉफ्टवेअरच्या तीन गठाणी बांधाव्या लागतात आणि तिन्ही आपापल्या रुळावर चालवून पाहाव्या लागतात.

फरक म्हणाल तर फार क्षुल्लक असतात. तुमच्यापैकी अनेकांनी दहावीनंतरच्या सुट्टीत राजकमल चौकाकडे टायपिंगचा क्लास लावला होता. ओळ संपली की डाव्या हातानं दांडा ढकलायचा. त्या एका झटक्यात दोन कामं व्हायची: रूळ फिरून कागद एक ओळ वर सरकायचा आणि गाडा पुन्हा सुरुवातीला यायचा. विंडोज आजही प्रत्येक ओळीच्या शेवटी ही दोन्ही कामं दोन वेगळ्या खुणांनी लिहितं. लिनक्स एकाच खुणेवर भागवतं. कागद नाही, गाडा नाही, तरी हा फरक टिकून आहे, आणि त्यानं माझ्या कित्येक रात्री खाल्ल्या आहेत. विंडोजवर फोल्डरच्या वाटेत रेघ एका बाजूला कललेली, बाकी दोघांकडे दुसऱ्या बाजूला. लिनक्स इंग्रजीतलं मोठं आणि लहान अक्षर वेगळं मानतं. विंडोज आणि मॅक सहसा मानत नाहीत. विंडोजवर एखादी फाइल दुसऱ्या कोणी उघडून ठेवली असेल तर ती पुसता येत नाही, आणि बऱ्याचदा ती उघडून बसलेला दुसरा कोणी म्हणजे त्याच यंत्रावरचा अँटिव्हायरस असतो. चोर पकडायला ठेवलेल्या गुरख्यानंच दार अडवावं, तसं.

पूर्वी हे सगळं हातानं चालायचं. मी कामाला लागलो तेव्हा भिंतीवर चाळीस पायऱ्यांचा कागद चिकटवलेला होता. दर शुक्रवारी संध्याकाळी एक जण तीन संगणकांसमोर आळीपाळीनं बसून त्या पायऱ्या करायचा. सत्ताविसावी पायरी कोण विसरलं हे सोमवारी गिऱ्हाइकाच्या फोनवरून कळायचं.

हे काम यंत्रावर सोपवण्याची धडपड जुनीच. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. कोणती वस्तू कशापासून बनते हे त्याला लिहून द्यायचं. मग जे बदललं असेल तेवढंच तो पुन्हा बनवतो. पण त्यात ओळीच्या सुरुवातीला टॅबच हवा, मोकळ्या जागा चालत नाहीत, अशी विचित्र अट आहे. फेल्डमन यांनी पुढे सांगितलं की ती अट चुकीची आहे हे लवकरच कळलं होतं, पण तोवर डझनभर लोक तो वापरायला लागले होते आणि त्यांची अडचण करायला नको म्हणून तशीच ठेवली. त्या डझनभर लोकांच्या भिडेपायी पुढच्या दोन-तीन पिढ्या टॅब मारत बसल्या आहेत. आपल्याकडच्या लग्नातल्या निम्म्या पद्धती याच कारणानं चालू असाव्यात, असा मला संशय आहे.

नंतर कोहसुके कावागुची या जपानी प्रोग्रॅमरनं सन कंपनीत असताना 'हडसन' लिहिलं. २०११ मध्ये नावावरून वाद झाला आणि त्याचं 'जेनकिन्स' झालं. आम्ही तेच वापरतो. एक मुख्य यंत्र, त्याच्या हाताखाली तीन: एक विंडोजचं, एक लिनक्सचं आणि एक मॅकचं. मॅकसाठी अ‍ॅपलचंच यंत्र लागतं, परवान्याची अट आहे, म्हणून डब्याएवढा एक मॅक मिनी आमच्या कपाटावर बसलेला असतो. कोणीही काही बदल करून पाठवला की मुख्य यंत्र तिघांना कामाला लावतं. तिघं बांधतात, तिघं तपासतात. तेव्हा काम जमलं तर पडद्यावर निळा गोळा यायचा, बिघडलं तर लाल. निळा का? तर कावागुची जपानचे, आणि जपानीत सिग्नलच्या हिरव्या दिव्याला निळा म्हणतात. अनेक वर्षं जगभरचे लोक 'हा हिरवा का नाही' म्हणून कुरकुरत होते.

आता चुकीकडे येतो.

आमच्या कंपनीचं एक सॉफ्टवेअर कृषी सेवा केंद्रांसाठी आहे. बियाणं, खतं, औषधं यांची बिलं, साठा आणि मुख्य म्हणजे उधारीची खाती. शेतकरी जूनमध्ये माल नेतो, कापूस-तूर विकल्यावर पैसे देतो. ही नोंद ठेवणं म्हणजे त्या दुकानाचा प्राण. दुकानांत विंडोज असतं, सगळी खाती एकत्र ठेवणाऱ्या आमच्या सर्व्हरवर लिनक्स, आणि मॅकवर जेमतेम चार गिऱ्हाइकं.

त्यात विभागवार पिकांची पानं होती: कोकण, खानदेश, मराठवाडा, वऱ्हाड वगैरे. प्रत्येकाची एक फाइल. २०१६ च्या मे महिन्यात मी त्या फाइलींची नावं इंग्रजीतून मराठीत केली. हा हट्ट माझाच. सहकारी म्हणाले, कशाला उगाच? मी म्हटलं, आपल्या लिपीत मोठं-लहान अक्षर ही भानगडच नाही, उलट त्रास कमी होईल. एक अडचण मी हिशेबात धरली होती. लिनक्सवर फाइलचं नाव २५५ बाइटपेक्षा लांब चालत नाही आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे ८५ चिन्हं. तेवढी पुरेशी होती. मी स्वतःवर खूश होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी विंडोज निळं, लिनक्स निळं आणि मॅक लाल. पडद्यावर यादी होती. कोकण, सापडली. खानदेश, सापडली. मराठवाडा, सापडली. वऱ्हाड, सापडली नाही. फोल्डर उघडून पाहिला तर फाइल समोर दिसतेय, नाव तेच, काना-मात्रा तीच. आमच्याकडे नवा लागलेला एक मुलगा म्हणाला, ''सर, तुमचं वऱ्हाड नापास झालं.'' अख्खी खोली हसली. मीही हसलो. पण पुण्यात वीस वर्षं काढूनही 'तुमच्याकडे मले-तुले म्हणतात ना' हे ऐकून घेणाऱ्या माणसाला ते थोडं लागतंच. मला घाई झाली, ती थोडी त्यामुळेही असेल.

मृग लागायच्या आत नवी आवृत्ती दुकानांत पोचायला हवी होती. सात जूनला मृग, हातात सहा दिवस. मी दोन तास शोधलं, सापडलं नाही. मग एक ओळ लिहिली: मॅकवर ही तपासणी करू नको. मॅकवर आपली गिऱ्हाइकं चारच, त्यांतलं वऱ्हाडातलं एकही नाही, नंतर बघू. तिन्ही गोळे निळे झाले आणि मी घरी गेलो.

आजोबांच्या भाषेत सांगायचं तर दुसरी मोजणी जुळत नव्हती, म्हणून मी ती मोजणीच बंद केली आणि चिठ्ठीवर सही केली.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तिसऱ्या रांगेतल्या या माणसाचा फोन आला. अकोल्याला याचं दुकान आहे, वडिलांच्या काळापासूनचं. आमचं सॉफ्टवेअर त्यानं घेतलं ते मैत्रीखातर. नेहमी फोनवर पहिली पाच मिनिटं शिव्या असतात, त्या दिवशी नव्हत्या. म्हणाला, ''काय बे, तुह्या सॉफ्टवेअरनं मले आज गिऱ्हाइकासमोर खोटं पाडलं.''

झालं असं होतं. चांगला पाऊस पडून गेला होता, दुकानात गर्दी. एक शेतकरी काका बियाणं न्यायला आले. त्यांचं नाव सांगत नाही, आडनावात ऱ आहे एवढंच सांगतो. पडद्यावर त्यांच्या नावे गेल्या हंगामाची १८,४०० रुपये बाकी. काउंटरवरच्या पोरानं सगळ्यांसमोर सांगितलं, काका, आधीचं मिटवा, मग नवीन. काका म्हणाले, ''मी पैसे देल्ले. फेब्रुवारीत, कापूस विकला तवाच.'' पोरगा म्हणाला, कॉम्प्युटरमध्ये नाही. काका काही न बोलता बाहेर पडले. बावीस किलोमीटरवर त्यांचं गाव, तिथं गेले आणि संध्याकाळी पावती घेऊन परत आले. पावती याच दुकानाची, याच सॉफ्टवेअरनं छापलेली. ती काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, ''ठिवून घ्या. तुमच्याच कामाची हाये.'' बियाणं त्यांनी समोरच्या दुकानातून नगदी घेतलं होतं.

मी त्या रात्रीच्या गाडीनं अकोल्याला निघालो. तीन दिवस याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, खताच्या पोत्यांवर लॅपटॉप ठेवून बसलो. वहिनी डबा पाठवायच्या. हा माणूस तीन दिवसांत माझ्यावर एकदाही ओरडला नाही आणि ते फार वाईट होतं.

दुकानात दोन संगणक होते: काउंटरवर जुना, गोदामात नवा. काकांची उधारी काउंटरवर लिहिलेली, भरणा गोदामातल्या संगणकावर. आणि सर्व्हरवर काकांची दोन खाती दिसत होती. नाव तेच, गाव तेच. एकात १८,४०० येणं, दुसऱ्यात १८,४०० जमा. डोळ्यांना दोन्ही नावांत काडीचा फरक दिसत नव्हता. तेव्हा मला एकदम कपाटावरचा तो मॅक आठवला. तिथंही हेच होतं: फाइल दिसतेय आणि सापडत नाही.

मग मी अक्षरं सोडून बाइट मोजायला बसलो.

बाई, आता तुमचा धडा येतो. आठवीत बाईंनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली होती. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा'. पहिल्यात गुरुजी येतील, दुसऱ्यात स्वयंपाकी. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरामधल्या. रफार वेगळा आणि हा आडवा र वेगळा. मी निबंधात वऱ्हाडच्या डोक्यावर रफार दिला होता, तर बाईंनी अर्धा गुण कापून शेजारी लिहिलं होतं, 'स्वतःच्या मुलखाचं नाव तरी नीट लिहा.'

हा आडवा र संगणकात तीन तऱ्हांनी लिहिता येतो. युनिकोड नावाची जगातल्या लिप्यांची एक यादी आहे, तिथं प्रत्येक चिन्हाला क्रमांक असतो. त्यात ०९३१ या क्रमांकावर ऱ आहे. ही जागा मुळात द्राविडी भाषांतला वेगळा र दाखवायला दिलेली, पण त्याचं अर्धं रूप म्हणजे आपला आडवा र. ही पहिली तऱ्हा. दुसरी अशी की साधा र घ्यायचा आणि त्याखाली नुक्ता द्यायचा; युनिकोडच्या नियमानं हे पहिल्याच्या बरोबरीचंच. तिसरी म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही वऱ्हाड सारखीच. पण बाइट मोजले तर पहिलं १८, दुसरं २१ आणि तिसरंही २१, पण दुसऱ्यापेक्षा वेगळं. गोदामातला नवा कळफलक पहिल्या तऱ्हेनं लिहीत होता आणि काउंटरवरचा जुना तिसऱ्या. आमचं सॉफ्टवेअर बाइटला बाइट लावून पाहत होतं. त्याच्या दृष्टीनं ही दोन वेगळी माणसं होती.

आणि मॅक? तेव्हाची मॅकची फाइल ठेवण्याची पद्धत अशी होती की तुम्ही पहिल्या तऱ्हेनं नाव दिलंत तरी ती ते सोडवून दुसऱ्या तऱ्हेनं ठेवायची. लिनक्स आणि विंडोज दिलं तसं ठेवतात. म्हणून कोकण, खानदेश पास झाले. त्यांच्या नावात सोडवण्यासारखं काही नव्हतंच. नापास झालं ते फक्त वऱ्हाड. ते यंत्र मला सांगत होतं की तुझ्या प्रोग्रॅमला हे अक्षर ओळखता येत नाही. फाइलीची नावं आणि माणसांची नावं जुळवणारा आमचा तुकडा एकच होता. मी तिथंच थांबलो असतो तर काकांना बावीस किलोमीटर जाऊन परत यावं लागलं नसतं.

याहून एक गोष्ट मला जास्त टोचते. २०१७ मध्ये अ‍ॅपलनं ती पद्धत बदलली. नव्या मॅकवर नाव दिलं तसंच राहतं. म्हणजे वर्षभर उशीर झाला असता तर मॅकही निळा दिसला असता. त्या जुन्या यंत्राच्या खोडीमुळे दोष उघड होण्याची जी एक संधी होती, ती मी माझ्या हातानं पुसली होती.

दुकानातल्या २,३०० खात्यांत ६१ दुहेरी निघाली. सगळी आडव्या र ची. याची जुनी लाल वही काढून आम्ही दोघांनी एकेक नाव जुळवलं. चार घरी हा स्वतः जाऊन आला. बाकीच्या दुकानांना आम्ही पत्रं पाठवली, चूक आमची आहे असं स्पष्ट लिहून. माझ्या साहेबांना ते वाक्य फारसं आवडलं नव्हतं, पण त्यांनी ते काढलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

दुरुस्ती तशी सोपी. नाव आत येतानाच तिन्ही तऱ्हा एकाच तऱ्हेत आणायच्या. पहिल्या दोन तर युनिकोडच्या ठरलेल्या नियमानंच एक होतात. तिसरी त्या नियमात बसत नाही, तिच्यासाठी वेगळं लिहावं लागतं. शिवाय खातं नावावरून ओळखायचंच नाही, प्रत्येकाला क्रमांक द्यायचा. हे तर आम्ही पहिल्या दिवशी करायला हवं होतं. पण यातही एक गंमत झाली. वऱ्हाड नापास म्हणणारा तो मुलगा हुशार, त्यानं एका ओळीत काम उरकलं: नुक्ता काढून टाका, न दिसणारं चिन्ह काढून टाका. सगळी नावं जुळायला लागली, तिन्ही गोळे निळे. मी पाहिलं तर काय, ती चिन्हं काढल्यावर आडव्या र चा रफार होत होता. आचारी आणि आचार्य एकाच खात्यात!

त्या दिवशी मी बाईंना फोन केला होता. बाई, तुम्हाला आठवत असेल. पंचवीस वर्षांनी फोन आणि थेट रफाराबद्दल. तुम्ही सगळं शांतपणे ऐकून घेतलंत आणि विचारलंत, ''म्हणजे आता पाठ झालं का?''

तर आता आमच्याकडे एक यादी आहे. त्यात वऱ्हाड आहे, कऱ्हाड आहे, बऱ्हाणपूर आहे, तिवसा तालुक्यातलं कुऱ्हा आहे, शेतकऱ्यांना आहे, बडनेऱ्याला आहे. प्रत्येक शब्द तिन्ही तऱ्हांनी लिहिलेला. रोज रात्री तिन्ही यंत्रं ही यादी घेऊन बसतात. तिन्ही तऱ्हा एकच निघाल्या पाहिजेत. आणि शेवटी बाईंची दोन वाक्यं आहेत, ती मात्र वेगळीच निघाली पाहिजेत. एका यंत्रावर एक शब्द जरी चुकला तरी त्या रात्री गठाण बाहेर जात नाही. 'या यंत्रावर तपासू नको' ही ओळ लिहायची तर आता दोन माणसांची सही लागते आणि कारण लिहावं लागतं. माझी एकट्याची चालत नाही. हा नियम मीच करून घेतला आहे.

काका पुन्हा त्या दुकानात आले नाहीत. त्या दिवाळीत हा आणि मी त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांनी ओसरीवर बसवलं, चहा दिला. मी माफी मागितली, तर हात हलवून म्हणाले, जाऊ द्या. मग पावसाबद्दल बोललो, बोंडअळीबद्दल बोललो. निघताना त्यांनी याच्या वडिलांची चौकशी केली. माझ्याशी बोलताना त्यांनी शेवटपर्यंत अहो-जाहो सोडलं नाही, आणि वऱ्हाडात त्या वयाचा माणूस आपल्या वयाच्या पोराला अहो म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ काय होतो, ते तुम्हाला सांगायला नको.

आई मात्र अजूनही शेजाऱ्यांना तेच सांगते. आता मी तिला दुरुस्त करत नाही.

बाहेर नाश्त्याच्या टेबलावर मी एक कोरी वही ठेवली आहे. आपापल्या गावाचं, वाडीचं, शेताचं, आडनावाचं, ज्यात हा आडवा र येतो असं काहीही आठवेल ते त्यात लिहा. वऱ्हाडी बोलीतले शब्द असतील तर अधिक चांगलं, ते मला पुण्यात कोणी देत नाही. बाई, तुम्ही वहीवरून एकदा नजर फिरवा, कारण या लोकांचं शुद्धलेखन मला माहीत आहे. आणि तिसऱ्या रांगेतून मला हात करून दाखवताहेत की भाकरी-पिठलं थंड होऊन राह्यलं. थांबतो.